पिसांच्या आतला पक्षी

हिवाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर पक्षी ओळखायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण ही, की समोरचे सगळे पक्षी एकाच रंगाचे दिसतात. पाठ मातकट, पोट पांढरं, पाय काळपट. पुस्तकात मात्र पानापानावर रंगांचीच वर्णनं असतात: तांबूस छाती, काळा गळपट्टा, विटकरी मान. हा सगळा साज विणीच्या हंगामातला, दूर उत्तरेकडचा. आपल्या किनाऱ्यावर हे पक्षी थंडी काढतात तेव्हा तो कधीच उतरलेला असतो.

मी मूळची घाटावरची, लग्न होऊन मालवणला आले. समुद्र नवा, मासे नवे, बोली नवी. त्यात ही पाखरं. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला वाळूचे लांब पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर शेकड्यांनी पक्षी उतरतात. दुर्बीण डोळ्याला लावली की एक पळतोय, एक खुपसतोय, एक नुसताच उभा आहे, असं दिसायचं. पुस्तक उघडायचं, पानं चाळायची, मिटायचं. नावापर्यंत पोचायची वाटच सापडत नव्हती.

वाट दाखवली ती शेजारच्या आबांनी. त्यांचा जन्म रापणीवर गेला. किनाऱ्यावर जाळं ओढलं जात असताना कुरव, सुरय आणि घारी कशासाठी घिरट्या घालतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माझं पुस्तक त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "रंग कित्याक बघतंस गो बाय? रंग बदालता. तेची चोच बघ, पाय बघ. तो खाता काय तां कळलां, काय बाकीचां आपोआप कळतलां."

त्या दिवसापासून मी नावं शोधणं थांबवलं आणि चोची बघायला लागले. तेव्हा तोच वाळूचा पट्टा वेगळा दिसू लागला.

चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, बघतो, टिपतो, पुन्हा धावतो. त्याची शिकार नजरेची. वाळूच्या पृष्ठभागावर काही हललं तरच ते त्याचं. लाटेच्या कडेकडेने तुरुतुरु धावणारा फिकट पांढरा पक्षी म्हणजे सँडरलिंग. त्याच्या पायाला मागचं बोटच नाही. फांदी पकडणाऱ्या पाखराला ते बोट हवंच, पण ओल्या वाळूवर दिवसभर धावणाऱ्याला त्याची गरज उरत नाही. लाट मागे गेली की तो चोच वाळूत खुपसतो आणि पुढची लाट यायच्या आत पळतो. आणि या सगळ्यांत उंच दिसतो तो कोरल. त्याची खाली वळलेली चोच १५ सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते, आणि मादीची नरापेक्षा लांब.

कोरलाच्या चोचीने मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं. एवढी लांब चोच चिखलात रुतलेली असताना तो खालचा किडा पकडतो कसा? चोच उघडायला जागा कुठे आहे? उत्तर वाचलं तेव्हा मी पुन्हा देवबागला जाऊन बराच वेळ नुसती बघत बसले. चोच मला तोवर निर्जीव शिंगासारखी वाटत होती. प्रत्यक्षात तिच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत स्पर्श ओळखणारी टोकं दाटीने बसलेली असतात. शिवाय हा पक्षी चोचीचं मूळ बंद ठेवून वरच्या चोचीचं फक्त टोक उचलू शकतो. म्हणजे चिखलाच्या आत, न दिसणाऱ्या जागी, तो चाचपतो आणि तिथेच चिमटीत धरतो. एकाच पट्ट्यावर आखूड चोचीचा वरचं खातो, मधल्या चोचीचा बोटभर खालचं आणि कोरल त्याहून खोलचं. एवढे पक्षी एका जागी भांडणाशिवाय कसे जेवतात, याचं मोठं कारण चोचींच्या लांबीत आहे.

खडकांवर हिशेब वेगळा. कालवं खाणारा ऑयस्टरकॅचर हा पक्षी काळा-पांढरा, लाल चोचीचा, त्यामुळे ओळखायला सोपा. त्याची चोच दोन्ही बाजूंनी चपटी असते आणि शिंपल्याच्या फटीत शिरते. तिच्यावरचं आवरण आपल्या नखांच्याच द्रव्याचं, केराटिनचं. ते झिजतं आणि सतत वाढतं. त्यामुळे शिंपला ठोकून फोडणाऱ्याचं चोचीचं टोक बोथट होतं, चिखलातले किडे काढणाऱ्याचं टोकदार राहतं. एकाच जातीच्या दोन पक्ष्यांची चोच त्यांच्या कामानुसार वेगळी दिसते.

चोचीनंतर पाय. इथे दुसरा गोंधळ उभा राहिला: पक्ष्याचा गुडघा उलटा का वाकतो? बगळा चालताना बघा, पाय मधोमध मागच्या बाजूला मुडपतो. याचं उत्तर मला किनाऱ्यावर मिळालं नाही, स्वयंपाकघरात मिळालं.

आमच्याकडे कोंबडी-वड्यांचा बेत होता आणि सासूबाई गावठी कोंबडी साफ करत होत्या. मी शेजारी पाट घेऊन बसले आणि एकेक हाड मागून घेतलं. "मगे रश्यात काय घालू, तुझी वही?" असं म्हणत त्यांनी पाय सुटा करून दिला. तंगडीचं वरचं टोक जिथे मांडीला जोडलेलं असतं, तो खरा गुडघा. तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. फक्त अंगालगत, पिसांत लपलेला असतो. बाहेरून दिसतो आणि मागे मुडपतो तो घोटा. घोट्याखालचा खवल्यांचा लांब दांडा म्हणजे तळपायाची हाडं, एकत्र जुळून एक झालेली. म्हणजे पक्षी आयुष्यभर चवड्यांवर उभा असतो. हे कळल्यावर बगळ्याचे पाय मला पुन्हा कधी उलटे दिसले नाहीत.

मग छाती. कोंबडीच्या छातीच्या हाडाला मधोमध उभी धार असते. तिच्या दोन्ही बाजूंना मांसाचे दोन थर. बाहेरचा मोठा थर पंख खाली ओढतो. उडण्याचं मुख्य बळ त्याचं. पण पंख वर उचलणारा स्नायू कुठे? माझी अपेक्षा होती की तो पाठीवर असणार. तो पाठीवर नाहीच. तो त्या मोठ्या थराच्या खाली, छातीवरच असतो. त्याचा पांढरा कंडरा खांद्यातल्या तीन हाडांमधल्या भोकातून वर जातो आणि दंडाच्या हाडाला वरून जोडला जातो. विहिरीच्या कप्पीवरून दोर खाली ओढला की कळशी वर येते, तसा हा स्नायू खाली ओढला की पंख वर येतो. मी तो कंडरा चिमटीत धरून ओढला आणि कापलेल्या कोंबडीचा पंख माझ्यासमोर उचलला गेला. पंख खाली नेणारं आणि वर नेणारं असं दोन्ही वजन पोटाजवळ, खाली ठेवलेलं. त्यामुळे हवेत तोल सुटत नाही. सासूबाईंनी जन्मभर कोंबड्या सोलल्या होत्या, पण हे त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी हात पुसले आणि स्वतः एकदा ओढून बघितलं.

छातीचं मांस पांढरं आणि तंगडीचं गडद का, हेही तिथेच उलगडलं. गडद मांसात मायोग्लोबिन असतं, प्राणवायू साठवणारं. कोंबडी दिवसभर चालते, म्हणून पाय गडद. उडते ती घाबरून झाडावर चढण्यापुरती, काही क्षण, म्हणून छाती पांढरी. समुद्र ओलांडणाऱ्या पाखरांच्या छातीचं मांस गडद तांबडं असतं, कारण त्यांना तासन्‌तास पंख मारायचे असतात.

पोट उघडल्यावर पेटा निघाला. तो चिरला की आत वाळू आणि खडे. पक्ष्यांना दात नाहीत, जबड्याचं ते वजन गेलं. दळायचं काम शरीराच्या मध्यभागी आलं. त्याच्या शेजारी पिवळ्या बलकांची रांग, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. अंडाशय एकच, डाव्या बाजूचं. उजवं वाढतच नाही. मूत्राशय नाही, नको असलेलं द्रव्य पांढऱ्या पेस्टीच्या रूपात विष्ठेबरोबरच बाहेर पडतं. शेपटीची हाडं जुळून एक आखूड खुंट झालेली. पंखाच्या टोकाला बोटं तीनच, तीही एकमेकांना चिकटलेली. एकेक अवयव हातात घेताना कळत गेलं की उडण्यासाठी पक्ष्याने काय मिळवलं, त्यापेक्षा काय काय सोडलं याची यादी मोठी आहे.

हाडांबद्दल मात्र मला थोडं थांबावं लागलं. पक्ष्याची हाडं पोकळ म्हणून तो हलका, असं आपण शाळेपासून ऐकतो. दंडाचं हाड मोडलं तर ते खरंच पोकळ निघालं, आत आधाराच्या बारीक तुळया. पण अभ्यासकांनी मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की पक्ष्यांच्या हाडांचं द्रव्य सस्तन प्राण्यांच्या हाडांपेक्षा घट्ट आहे, आणि वजनाच्या प्रमाणात बघितलं तर सांगाडा सारख्या आकाराच्या सस्तन प्राण्याच्या सांगाड्याच्या जवळपासच भरतो. तेव्हा पोकळीचा मोठा फायदा ताठपणाचा आहे: तेवढ्याच द्रव्यात जास्त मजबुती.

आणि ती पोकळी रिकामीही नाही, तिच्यात श्वास असतो. कोंबडीची फुप्फुसं म्हणजे बरगड्यांना आतून चिकटलेले दोन गुलाबी तुकडे. ती आपल्यासारखी फुगत नाहीत. शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ, भात्याचं काम करतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने पुढे ढकलतात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात: पहिल्या श्वासात ती मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसात, दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत आणि मग बाहेर. त्यामुळे श्वास घेतानाही आणि सोडतानाही फुप्फुसाला ताजी हवा मिळते. याच पिशव्यांचे फाटे काही हाडांत शिरलेले असतात.

गळ्याखालचं इंग्रजी व्ही अक्षरासारखं हाड मी धुऊन ठेवून दिलं. हे दोन्ही गळपट्ट्यांची हाडं जुळून झालेलं. उडताना ते फाकतं आणि परत मिटतं. असंच हाड टायरॅनोसॉरस या डायनासोरच्या सांगाड्यात सापडलं आहे. या नात्याची खूण त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती: जर्मनीतल्या बव्हेरियातल्या चुनखडीत १८६१ साली आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा सापडला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला पिसं होती, पण तोंडात दात, पंखाला नखं आणि मागे हाडांची लांब शेपटीही होती. शास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी पुढच्या काही वर्षांतच पक्षी आणि डायनासोर यांचं नातं मांडलं. १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स हा लहान डायनासोर जगापुढे आला. त्याच्या अंगावर पिसांसारखे तंतू होते आणि तो उडणारा नव्हता. म्हणजे पिसं आधी आली, उड्डाण नंतर. बहुधा ऊब आणि दिखावा यांसाठी असलेली गोष्ट पुढे आकाशात न्यायच्या कामी आली.

आपल्या जिल्ह्याचा वाटाही या कोंबडीत आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. तो आपल्याकडचा नव्हे. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं, की कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं आणि पिवळ्या पायांचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं आहे. सिंधुदुर्गाच्या रानांत पहाटे आरवतो तो हाच.

स्वयंपाकघरातून पुन्हा समुद्राकडे गेले तेव्हा बघायची नजर बदललेली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांवर ओहोटीला समुद्री बगळा उभा असतो. हा पक्षी राखाडीही असतो आणि पांढराशुभ्रही. दोन रंग, जात एकच. आबांनी सांगितलेलं इथे पुन्हा खरं ठरलं. रंग सोडला आणि मान बघितली तर गोष्ट स्पष्ट होते. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा, लांबट असतो, त्यामुळे मान तिथे मुडपून राहते आणि तिथूनच ती क्षणात सुटते. पण पाण्यातला मासा जिथे दिसतो तिथे नसतो, प्रकाश वाकतो. इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी १९८७ साली नेमक्या याच जातीच्या बगळ्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना आढळलं की झडप घालण्याआधी बगळा डोकं अशा जागी आणतो, जिथे माशाची दिसणारी खोली आणि खरी खोली यांचं ठरावीक नातं जमतं, आणि मग मारतो.

त्याच खडकांवर पाणकावळा पंख पसरून उभा असतो. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग पाणी शोषतो. पाणपक्ष्यासाठी हे विचित्र वाटतं, पण भिजलेला पक्षी सहज बुडी मारतो. कोरडा पक्षी हवेमुळे वर येत राहतो. बुडी सोपी झाली, तिची किंमत म्हणजे बाहेर येऊन उन्हात वाळणं.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात किल्ला उभा राहिला, आणि चहूकडे समुद्र असताना त्यातली वस्ती या विहिरींवर जगली. तटावर उभी राहून मला प्रश्न पडला: कुरव काय पितात? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, आणि पक्ष्याचं मूत्रपिंड एवढं मीठ बाहेर टाकू शकत नाही. उत्तर त्यांच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत आहे. तिथल्या ग्रंथी रक्तातलं मीठ वेगळं काढतात आणि समुद्राहून खारट पाणी नाकपुड्यांतून बाहेर सोडतात. क्नूट श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे दाखवून दिलं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर बसलेले कुरव मधूनच डोकं झटकतात, चोचीच्या टोकावरून थेंब उडतो. तो थेंब मी आधीही बघितला होता. त्यात काय आहे हे आता कळलं.

वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्यांच्या रक्षणाचं काम केलं आहे. पाकोळीचे पाय इतके आखूड की तिला फांदीवर बसता येत नाही, जमिनीवर चालता येत नाही. ती फक्त उभ्या कड्याला चिकटते. गुहेच्या अंधारात ती टिकटिक आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. पाय जवळजवळ गमावून तिने हवा पूर्ण आपलीशी केली. चिखल्याने पाय राखले, पाणकावळ्याने बुडी घेतली, कोंबडीने चालणं निवडलं. सगळं एकालाच मिळालेला पक्षी मला एकही भेटला नाही.

हे सगळं शिकताना एक गोष्ट मनात रुतून बसली, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा देवबागच्या या पाखरांच्याच गोतातला. या जातीचा एक पक्षी २०२२ साली अलास्काहून टास्मानियाला, सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस कुठेही न उतरता गेला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की अशा प्रवासाला निघणाऱ्या पाणटिवळ्यांच्या अंगात चरबी भरलेली असते आणि पेटा, यकृत, आतडी हे अवयव आक्रसलेले असतात. प्रवासात वाहून नेण्याजोगं जे नाही ते शरीरच कमी करतं. किनाऱ्यावर उतरणाऱ्या अशा पाखराला आधी पचनाचे अवयव पुन्हा उभे करावे लागतात, मग खावं लागतं, मग परतीची चरबी साठवावी लागते. हे सारं ओहोटीच्या मोजक्या तासांत. भरती आली की जेवणाचा पट्टा पाण्याखाली जातो आणि उरते ती विश्रांतीची कोरडी वाळू.

आणि नेमक्या त्याच वाळूवर आपण उतरतो. थवा एकदम उडावा, फोटो चांगला यावा म्हणून मुलं त्यांच्यात धावत सुटतात, मोठी माणसं टाळ्या वाजवतात, बोट थेट थव्याच्या दिशेने वळवली जाते. थवा उडतो, घिरटी घालतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठवला जातो. बघणाऱ्याला ती मौज वाटते. पण छातीचा तो गडद स्नायू प्रत्येक उड्डाणाला साठवलेली चरबी जाळतो, आणि एप्रिलमध्ये उत्तरेला निघताना तीच कमी पडते.

म्हणून मालवण, तारकर्ली, देवबागला येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: बसलेल्या थव्यापासून दूर थांबा, बोटवाल्या दादांना वळसा घालायला सांगा, मुलांना धावण्याऐवजी चोची मोजायला लावा. नाव नाही आलं तरी चालेल. कोण काय खातंय एवढं बघा, आणि त्यांना खाऊ द्या.